फ्लोरिडाचं ५५+ पार्क, तीन महिने राहून आलो, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार

परत आल्यापासून रोज कुणीतरी फोन करून विचारतंय, कसं होतं गं, आम्ही पण जावं का. प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. आम्ही दोघं, मिसिसागा (कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरोंटोजवळ), मी ६७ आणि हे ७१, दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी ओरिजिनल फक्त दोन. २०२४ च्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना ह्यांची पाठ गेली तेव्हाच ठरवलं की पुढचा हिवाळा इथे काढायचा नाही. मग २०२५ च्या जानेवारी ते मार्च व्हेनिसला राहिलो. इटलीतलं नाही हो, फ्लोरिडातलं, सॅरासोटाच्या खाली, गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, किनाऱ्यावर. पार्कचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि तिथल्या चार बायका मला अजून रोज मेसेज करतात.

आधी हे समजून घ्या की पार्क म्हणजे बाग नव्हे. कारखान्यात तयार करून ट्रकवरून आणून ठेवलेली घरं असतात, एकमेकांना खेटून, प्रत्येकाला एक कारपोर्ट आणि जाळी लावलेला व्हरांडा, त्याला तिकडे लनाई म्हणतात. घर एखाद्याचं, खालची जमीन बहुतेक पार्कची. ५५+ म्हणजे नियमाप्रमाणे निदान ८० टक्के घरांत एक तरी माणूस पंचावन्नचं किंवा त्यावरचं हवं. आमच्या पार्कात पंचावन्नचा कुणी दिसला तर त्याला पोरगं समजून खुर्च्या उचलायला लावायचे. माणसं बहुतेक मिशिगन, ओहायो आणि आपल्या ऑन्टारिओची, कारण सरळ आहे, आय-७५ हायवे तिकडून निघतो आणि गल्फच्या बाजूला उतरतो. न्यूयॉर्कवाले आणि क्युबेकवाले आय-९५ ने अटलांटिकच्या बाजूला जातात, त्यामुळे फ्रेंच ऐकायचं असेल तर मायामीजवळच्या हॉलिवूड-हॅलंडेलला जा. आम्ही विंडसरवरून डेट्रॉइट ओलांडून गाडीनेच गेलो, बावीसशे किलोमीटरच्या वर, वाटेत दोन रात्री, डिकीत प्रेशर कुकर आणि दहा किलो तांदूळ.

आता समुद्राचं सांगते. समुद्र छान आहे. झालं. खरंच सांगते, समुद्रासाठी जात असाल तर तीन महिने घेऊ नका, दोन आठवडे हॉटेलात राहा आणि परत या. जानेवारीत पाणी गार असतं, आत कुणी जात नाही, सगळे काठावर खुर्ची टाकून बसतात. व्हेनिसला शार्कचे दात सापडतात, काळे, लाखो वर्षं जुने, दगड झालेले, आणि ते चाळायला लांब दांड्याची जाळीची टोपली मिळते तिला तिथले लोक 'फ्लोरिडाचं बर्फाचं फावडं' म्हणतात. ज्या माणसाची खऱ्या फावड्याने पाठ गेली तो माणूस कॅस्परसन बीचवर ते फावडं घेऊन रोज सकाळी दोन तास वाकून उभा, काय बोलणार. एकशे बारा दात जमवलेत, आता मिसिसागाच्या शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी बरणीत आहेत. जवळच्या सिएस्टा की ह्या बेटाची वाळू क्वार्ट्झची आहे, भर दुपारी पण पायाला गार लागते, आणि रविवारी सूर्य बुडायच्या आधी तिथे ढोल वाजवणारे गोल करून जमतात, कुणीही जावं, नाचावं. एकदा गेलो. ढोल-ताशा ऐकलेल्या माणसाला ते जरा मिळमिळीत वाटतं, पण बायका नाचत होत्या मनापासून.

पैसे द्यायचे ते क्लबहाऊससाठी, म्हणजे पार्कातल्या सगळ्यांच्या सामायिक हॉलसाठी. दारात शिरलं की एक मोठा फळा, त्यावर महिन्याचं कॅलेंडर, आणि त्या कॅलेंडरला मोकळा चौकोनच नाही. सकाळी आठला पाण्यातला व्यायाम, दहाला शफलबोर्ड, सोमवारी लाइन डान्स, बुधवारी बिंगो, शनिवारी कॉफी आणि डोनट एक डॉलर. रोज चारला कुणाच्या तरी लनाईवर गप्पा, आपापला ग्लास आणि आपापली खुर्ची घेऊन जायचं. साडेचारला रात्रीचं जेवण, नऊला दिवे बंद. आम्ही पहिला आठवडा साडेसातला वरणभाताचा कुकर लावायचो तर शेजारीण काळजीने विचारायला आली, सगळं ठीक आहे ना, फार उशिरापर्यंत जागे दिसता.

पण पहिल्याच शनिवारी माझा मूड गेला होता हेही लिहायला पाहिजे. कॉफीला गेलो, खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं, बसलो. दोन मिनिटांत एक आजोबा आले आणि अगदी हसत हसत म्हणाले हे मिशिगनचं टेबल आहे. म्हणजे काय तर एकाच गावातले चौघं-पाचजण वीस वर्षं तिथेच बसतात. पाटी नाही, काही नाही, सगळ्यांना माहीत असतं एवढंच. आम्ही उठलो, कप हातात घेऊन उभेच राहिलो, ह्यांचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर मी म्हटलं अहो, आपण काय मंडळाच्या दिवाळीला नवीन आलेल्यांशी वेगळं वागतो का? गप्प बसले. पुढच्या शनिवारी मी सकाळी सातला जाऊन कॉफीच्या मोठ्या भांड्याची ड्युटी मागून घेतली. हा उपाय कुणीही करून बघा, ज्याच्या हातात कॉफी त्याचं नाव तासाभरात सगळ्यांना पाठ. नाव कसलं, माझ्या सुनंदाचं त्यांनी सू करून टाकलं, पण ठीक आहे.

खरी एंट्री मिळाली ती पत्त्यांनी. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी युकर. मिशिगन, ओहायो आणि ऑन्टारिओवाल्यांचा हा म्हणजे जीव की प्राण, आणि तुम्ही नवीन आहात म्हटलं की तुम्ही कुठले, मुलं काय करतात असलं काही विचारत नाहीत, थेट विचारतात युकर येतं का. फक्त २४ पानं, नव्व्यापासून एक्क्यापर्यंत, चौघं जण, समोरचा आपला भिडू, प्रत्येकाला पाच पानं आणि हुकमाचा गुलाम सगळ्यात मोठा. हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. माहेरी मिरजेला बाबा आणि काका तीनशेचार खेळायचे, त्यातसुद्धा गुलामच सगळ्यांच्या डोक्यावर! इथे फक्त एक भानगड जास्तीची, हुकूम बदाम असेल तर चौकटचा गुलामपण हुकूम होतो आणि दोन नंबरला बसतो, इस्पिक असेल तर किलवरचा. हे मी पहिल्या रात्री तीन वेळा विसरले. माझी भिडू ओहायोची, ८१ वर्षांची, रिटायर्ड शाळेतल्या बाई, एक शब्द बोलली नाही, नुसती चष्म्याच्या वरून बघायची आणि ते बघणं असं होतं की मला चौथीतल्या पाटणकर बाई आठवल्या. हुकूम आपण बोललो आणि तीन हात झाले नाहीत तर दोन पॉइंट समोरच्यांना, त्यामुळे घाबरून मी हुकूमच बोलायचे नाही. एका शुक्रवारी तिने डाव संपल्यावर माझी पानं उलटी करून बघितली, दोन्ही गुलाम हातात असून मी पास म्हटलं होतं. त्या दिवशी बोलली. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघी त्या महिन्याच्या पहिल्या आलो, बक्षीस अकरा डॉलर, निम्मे निम्मे करून साडेपाच, ते मी अजून मोडले नाहीत.

शफलबोर्ड म्हणजे उभ्याने खेळायचा कॅरम समजा. ५२ फूट लांब पट्टी, लांब काठीने चकती ढकलायची, पलीकडच्या त्रिकोणात १०, ८, ७ असे पॉइंट, आणि शेवटच्या पट्टीत गेली तर वजा दहा, त्या पट्टीचं नाव किचन. चाळीस वर्षं किचनमध्ये काढली त्याचे इथे वजा दहा धरतात हे मी तिथल्या बायकांना सांगितलं तर एवढ्या हसल्या की पुढचा गेम थांबला.

खाण्याला मात्र दोनच स्टार. महिन्यातून एकदा पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, ताट-चमचे पण घरून न्यायचे. शाकाहारी असाल तर डोळे उघडे ठेवा, हिरव्या शेंगांची भाजी म्हणून वाढून घ्याल तर त्यात बेकन. मी पहिल्यांदा काकडीची कोशिंबीर नेली, दाण्याचं कूट घालून, आणि टेबलावर ठेवता ठेवता एकीने विचारलं ह्यात पीनट आहे का. उचलून परत घरी. तेव्हापासून डिशवर चिठ्ठी लावते. संक्रांतीला आणखी एक शहाणपण आलं, तिळाचे लाडू नेले, प्रेमाने वाटले, आणि लक्षात आलं की अर्ध्या पार्काला कवळ्या आहेत. चिक्कीच्या गुळाचे कडक लाडू! लोक बिचारे चोखत बसले. पुढच्या वेळी मऊ वडी. लागणारं सामान सॅरासोटात थोडं मिळतं, बाकी टँपाला, सव्वा तासावर, तिथलं देऊळही छान आहे, महिन्यातून एक चक्कर व्हायचीच.

त्या वर्षीचं राजकारण वगळून लिहिता येणार नाही. आम्ही पोचलो तोवर ट्रम्पचं कॅनडाला अमेरिकेचं ५१वं राज्य करू वगैरे सुरू झालंच होतं, मग फेब्रुवारीत कॅनडाच्या मालावर टॅरिफची, म्हणजे आयात कराची, घोषणा. पार्काच्या गेटवर दोन्ही झेंडे शेजारी शेजारी, आणि आत सगळे हवा-पाण्याच्या गप्पा मारणारे. हवेचं पण काय, आम्ही बर्फ चुकवायला आलो आणि २१ जानेवारीला फ्लोरिडातच वर पेन्साकोलाला बर्फ पडला, तर सगळं पार्क कॅनडावाल्यांकडे बघून म्हणतंय तुम्हीच आणलात. २० फेब्रुवारीला चार देशांच्या आइस हॉकीची फायनल, कॅनडा विरुद्ध अमेरिका, क्लबहाऊसच्या मोठ्या टीव्हीवर. नऊला झोपणारं पार्क अकरापर्यंत जागं. मला हॉकीतलं काही कळत नाही, तरी ओव्हरटाइमला कॅनडाच्या मॅकडेव्हिडने गोल टाकला, ३-२, तेव्हा मी उभी राहून ओरडले आणि माझ्या बाजूला माझी भिडू हाताची घडी घालून बसलेली. सकाळी आमच्या दारात पिशवीभर संत्री, तिच्या झाडाची, चिठ्ठीवर लिहिलं होतं, ह्यांच्यावर टॅरिफ नाही.

आता तक्रारी. भाडं सीझनमध्ये भरपूर, त्यात सहा महिने किंवा त्याहून कमी राहिलात तर वर स्टेटचा सेल्स टॅक्स आणि काउंटीचा टुरिस्ट टॅक्स, आणि आपला डॉलर तिकडे तेव्हा सत्तर सेंट, हा हिशेब आधी करा. घरावर निळी ताडपत्री होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळ सिएस्टा कीलाच धडकलं होतं, जाहिरातीच्या फोटोत ती ताडपत्री अर्थातच नव्हती. आणि लनाईची जाळी वादळातच फाटलेली, तिचे पैसे एजंटने आमच्या डिपॉझिटमधून कापले. पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवा, आम्ही काढले नव्हते. नातवंडं शाळेच्या मार्च ब्रेकच्या सुट्टीत आली तर स्विमिंग पूल मुलांसाठी रोज दोनच तास, कुणीतरी घड्याळ घेऊन बसलेलं. दीड स्टार मी इथे कापलाय.

इन्शुरन्सशिवाय तर पाऊल टाकू नका. ओहिप, म्हणजे ऑन्टारिओचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेरच्या हॉस्पिटलला दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर देतं, तेवढ्यात तिकडे उशी मिळेल. ह्यांच्या छातीत दुखलं एका रात्री, इमर्जन्सीत सहा तास, निघालं काय तर पॉटलकची ॲसिडिटी, बिल आठ हजार अमेरिकन. इन्शुरन्सने भरलं, पण गेल्या सहा महिन्यांत गोळी बदलली होती का हे तीनदा विचारून. दिवसांचं गणित पण ठेवा. ओहिप न गमावता ऑन्टारिओ वर्षात २१२ दिवस बाहेर राहू देतं. अमेरिकेचा टॅक्सवाला मात्र ह्या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीचे एक षष्ठांश धरून १८३ मोजतो, तेवढे भरले की तुम्ही टॅक्ससाठी तिथले रहिवासी. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १८० होतात, म्हणून तिकडे सगळे १२० म्हणतात. त्यापुढे गेलात तर ८८४० फॉर्म, आमचं खरं घर कॅनडातच असं सांगणारा. शिवाय ११ एप्रिल २०२५ पासून ३० दिवस किंवा जास्त राहणाऱ्या ज्यांच्याकडे आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, नाही त्यांना तिकडच्या सरकारकडे नाव नोंदवायचंय.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. कॅलेंडरच्या शेजारी एक छोटा फळा आहे, त्यावर फोटो लावतात, त्या सीझनला वारलेल्यांचे. मार्चमध्ये आमच्या ओळीतल्या एक बाई रात्रीत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याच्या दारात चार घरांचं जेवण, मी खिचडी नेली, आणि शुक्रवारी युकर नेहमीसारखं झालं. मला वाटलं होतं रद्द करतील. ते स्वतः आले, बायकोच्या खुर्चीवर बसले, त्यांना युकर येत नव्हतं, आयुष्यभर तीच खेळायची. माझी भिडू मला म्हणाली आज तू त्यांच्यासमोर बस, आणि दोन गुलामांची भानगड मी त्यांना समजावून सांगितली, आम्ही सगळे डाव हरलो.

पुढच्या वर्षीचं डिपॉझिट १ जूनपर्यंत भरायचंय. हे म्हणतात ह्या वातावरणात नको, पोर्तुगाल बघू. मी अजून काही बोलले नाहीये, फक्त शनिवारच्या कॉफीच्या यादीत जानेवारीपासून माझं नाव लिहून आलेय हे त्यांना माहीत नाही.