बाणेरचं बार्बेक्यू : शेगडीत धगच नाही

बाणेर-बालेवाडी भागातल्या या बार्बेक्यू रेस्टॉरंटमध्ये रविवारी दुपारी अनलिमिटेड जेवणाचा दर माणशी 899 रुपये. मसाले बेताचे बरे आहेत. सगळं बिघडलंय ते शेगडीत.

टेबलात शेगडी बसवली तेव्हाच निखाऱ्यांवर राखेचा जाड थर होता. कोळशावर पातळ पांढरी राख धरली आणि आत लाल धग दिसली की तो भाजायला तयार. राख जाड झाली की धग संपत आली. जाळीच्या चार-पाच इंच वर तळवा धरून बघा. तीन-चार सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच ठीक. इथे दहा सेकंद हात सहज राहत होता. दोनदा सांगितल्यावर नवे निखारे आले, तर त्यातले निम्मे तुकडे काळेच. अर्धवट पेटलेला कोळसा धुरावतो, डोळे चुरचुरतात आणि कडवट वास थेट पदार्थात उतरतो. कोळसा आत वीसेक मिनिटं फुलवून मगच टेबलावर यायला हवा, आणि जेवण चालू असताना न मागता भर पडायला हवी. बार्बेक्यूच्या नावाने पैसे घेता, तर निदान निखाऱ्यांकडे बघायला एक माणूस ठेवा!

अशा ठिकाणी सळया किचनमधूनच जवळजवळ शिजून येतात, टेबलावर फक्त कडा खरपूस व्हायच्या असतात. आच नसली की तुकडा भाजत नाही, नुसता वाळतो. चिकन टिक्क्याचं तेच झालं. त्यात ब्रेस्टचे तुकडे, म्हणजे चरबी नावाला. दाताखाली कोरडे दोरे यायला लागले. वरून ब्रशने तेल फासत राहण्याने ते मऊ होत नाहीत, तेलकट मात्र होतात.

तंगडीची तऱ्हा उलटी. बाहेरून करपलेली आणि हाडाजवळ मांस कच्चं, काचेसारखं चमकणारं. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरा दिल्या नाहीत तर मसालाही आत जात नाही आणि उष्णताही. चिकन आतून 74 अंश सेल्सिअसला पोचलंच पाहिजे. असा पीस टेबलावरच्या मंद शेगडीवर ठेवून बसू नका, सरळ किचनमध्ये परत पाठवा.

पनीरचा मसाला जाळीला चिकटून राहिला आणि पांढरा तुकडा तेवढा हातात आला. दही पातळ असलं की पाणी सुटतं आणि हेच होतं. अर्धा किलो पनीरला वाटीभर घट्ट चक्का, दोन चमचे खमंग भाजलेलं बेसन आणि थोडं मोहरीचं तेल, एवढ्यात मसाला धरून राहतो. सीख कबाब सळईवरून घसरून निखाऱ्यात पडले, कारण खिम्यात कांद्याचं पाणी राहिलेलं. कांदा मीठ लावून घट्ट पिळायचा, खिम्यात पाचवा हिस्सा चरबी ठेवायची आणि सळईला थापण्याआधी मिश्रण तासभर फ्रिजमध्ये गार करायचं. कोळंबी अर्धचंद्रासारखी वळली की उतरवायची असते. इथे ती पार गोल वेटोळं होऊनच आली, रबरासारखी.

अननस मात्र सुरेख. दालचिनी आणि तिखट लावलेला, साखर कडेला तपकिरी झालेली. बुफेतली बिर्याणी आणि गुलाबजाम ठीकठाक.

बिल नीट वाचा. चौघांचे 3,596 रुपये, त्यावर न विचारता 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता, आणि 5 टक्के जीएसटी त्या चार्जवरही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा चार्ज आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. काउंटरवर सांगितल्यावर 4,153 रुपयांचं बिल 3,776 वर आलं. कुठे हुज्जत घालायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.