बाळाची लाकडी कॉट उत्तम, पण सोबतचा ‘फ्री सेट’ बाळाजवळ नको

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही साताऱ्यात बाळाची लाकडी कॉट घेतली, आता नातू बसायला लागलाय म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालीये, तर जरा सविस्तर लिहिते. कारण घ्यायच्या आधी मी ऑनलाइन खूप शोधलं आणि सगळे रिव्ह्यू रंग छान, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत एवढ्यावरच थांबलेले. बाळ त्यात सेफ झोपतं का हे कोणी लिहितच नाही. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, नोकरीचा बराच काळ बाळंतिणींच्या वॉर्डात गेला, त्यामुळे मला पहिला प्रश्न तोच पडतो. दुकानाचं नाव देत नाहीये, अशी कॉट कुठल्याही मोठ्या गावात मिळेल, घेताना बघायचं काय ते महत्त्वाचं.

कॉट आतून १२० बाय ६० सेंटीमीटर, चारही बाजूंना उभ्या दांड्या, खाली फळी, ती दोन उंचीवर बसते. गादीसकट साडेअकरा हजाराच्या आसपास पडली. मी टेप घेऊनच गेले होते, दुकानातला मुलगा बघत राहिला पण मापं घेतलीच. दोन दांड्यांमधली फट सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकेत नियमच आहे, दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच म्हणजे तेवढंच होतं, युरोपात साडेचार ते साडेसहा सेंटीमीटर धरतात. फट मोठी असली की बाळाचं अंग पायाकडून त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं, म्हणून हे माप. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा साधा जाड कॅन फटीतून घालून बघा, तो आरपार गेला तर ती कॉट सोडून द्या. आमच्या कॉटची फट साडेपाच निघाली. चारही कोपऱ्यांना वर गोल लाकडी लट्टू नाहीत हेही बघितलं, दिसायला ते शोभिवंत असतात पण पोरगं उभं राहायला लागलं की झबल्याचा गळा त्यात अडकू शकतो. त्याच दुकानात एक बाजू खाली सरकणारी कॉटपण होती, लेकीला ती आवडलेली, सिझेरियन झालं तर वाकायला नको म्हणून. मी नको म्हटलं. त्या सरकत्या बाजूचे खटके ढिले होतात, बाजू एका कडेने सुटते आणि मधल्या फटीत बाळ अडकतं, असं होऊन बाळं गेल्यावर अमेरिकेने २०११ मध्ये तसल्या कॉट विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे अजून सर्रास दिसतात.

आता गादी. कॉटबरोबर फोमची गादी होती, इतकी मऊ की हात दाबला तर पंजाचा ठसा तसाच राहायचा. ती बदलून काथ्याची चार इंची घेतली, थोडे पैसे वर दिले. नवीन बाळाला गादी घट्ट आणि सपाट हवी, आपल्याला कडक वाटली तरी त्याला टोचत नाही. आणि गादी कॉटच्या मापाचीच हवी, कडेला दोन बोटं आत जात असतील तर ती लहान आहे. पिंजून आणलेल्या नव्या कापसाच्या गादीचा मला भरवसा वाटत नाही, ती जिथे बाळ झोपतं तिथेच खड्डा धरते.

आणि मग तो फ्री सेट. त्यात काय काय होतं बघा, एक उशी, दोन लोड, एक फुगीर रजई, आणि कॉटच्या चारही बाजूंना आतून बांधायची कापूस भरलेली पट्टी, बम्पर म्हणतात ती, वर हत्ती-घोडे छापलेले. दुकानदार म्हणाले, मावशी, बाळाचं डोकं दांड्यांवर आपटू नये म्हणून बम्पर लागतोच. अहो, तीन किलोचं बाळ डोकं आपटून काय मोडून घेणारे! पण तेच बाळ तोंड त्या मऊ पट्टीत खुपसून पडलं तर त्याला मान फिरवून घेता येत नाही. मग नाकातोंडाशी आपलाच सोडलेला श्वास परत परत आत जातो, ऑक्सिजन कमी पडत जातो आणि बाळ रडतसुद्धा नाही. अमेरिकेत २०२२ साली या कापूस भरलेल्या बम्परवर कायद्याने बंदी आली. आपल्याकडे ते गिफ्ट म्हणून मिळतात, आणि बारशाला आलेले लोकही आणखी दोन लोड घेऊन येतात. आम्ही तो सगळा सेट माळ्यावर ठेवला. कॉटमध्ये घट्ट ताणून बसवलेली एक चादर आणि बाळ, बस्स. सगळे म्हणायचे किती उघडंबोडकं ठेवलंय पोराला, पण मोकळी कॉट हीच चांगली कॉट, हे मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं आणि सांगत राहणार.

बाळ पाठीवरच झोपवायचं, दिवसापण आणि रात्रीपण. यावर घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं म्हणून इथे जास्त लिहिते. विहीणबाई बाराव्या दिवशी आल्या तेव्हा त्यांचं म्हणणं, कुशीवर टाका, दूध ओकला तर श्वासात जाईल. ही भीती प्रत्येक घरात आहे आणि ती प्रेमापोटीच आहे, पण शरीराची रचना तशी नाही. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली, म्हणजे ओकलेलं दूध श्वासनळीत जायला वर चढावं लागतं. पोटावर झोपवलं की उलटं होतं. आणि कुशीवर ठेवलेलं बाळ कुशीवर राहतच नाही, जरा हललं की पालथं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, थोडा वेळ उभं धरायचं, मग पाठीवर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून तिथे घरोघरी तोच प्रचार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. कुठलं औषध नाही की ऑपरेशन नाही, फक्त झोपवायची पद्धत बदलली. असे मृत्यू बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात, त्यातही पहिले चार महिने जास्त जपायचे. पुढे बाळ स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलं की ठेवायचं पाठीवरच, मग झोपेत ते आपलं आपण वळलं तर वळू दे, कॉट मोकळी आहे ना, मग ठीक आहे. फक्त वळायची लक्षणं दिसली की दुपट्यात हात बांधून गुंडाळणं त्या दिवसापासून बंद.

विहीणबाईंनी राईची उशीपण स्वतः शिवून आणली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. इतक्या हौसेने आणलेली वस्तू, नाही म्हणायला माझं मन धजेना, पण झोपलेल्या बाळाखाली कुठलीच उशी नको, राईचीही नाही. मी त्यांना सांगितलं, डोक्याला आकार द्यायचाय ना, तर एक दिवस बाळाचं डोकं कॉटच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवायचं, म्हणजे उजेडाकडे बघायला ते आपोआप मान दोन्ही बाजूंना फिरवतं. आणि जागं असताना, आपण समोर बसून, पालथं घालून खेळवायचं. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, रोज तेल लावून झालं की आजी-नातू सतरंजीवर. डोकं छान गोल आहे.

पाळण्याचं विचाराल तर आमच्याकडे घरचा सागवानी पाळणा आहे, पितळी साखळ्यांचा, माझी नणंद, दीर, माझी मुलं सगळी त्यात झोपलेली. बारशाला तोच सजवला, त्यातच नाव ठेवलं, वर लटकणारं खेळणं म्हणजे चिमणाळं टांगलं, सगळं साग्रसंगीत केलं. पण रात्रीच्या झोपेला नाही वापरला. दांड्यांच्या फटी हात जाईल एवढ्या, आणि हलला की बाळ सगळं एका बाजूला घरंगळतं. झोळीचं त्याहून जास्त सांगायला हवं. साडीची झोळी, वर स्प्रिंग, बाळ दोन मिनिटांत झोपतं हे खरंय, पण आत त्याची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनळी दुमडल्यासारखी होते, नळी वाकली की पाणी अडतं तसं. शिवाय बाहेरून बाळाचं तोंड दिसत नाही. वरच्या भावंडांना तर रिकाम्या झोळीजवळपण एकटं सोडू नका, साडी मानेला पीळ घालून पोरं दगावल्याच्या केसेस आपल्या देशात झाल्यात. जागेपणी तुमच्या डोळ्यांसमोर दोन झोके द्या, झोपलं की उचलून सपाट जागी.

तिरक्या झोपाळ्यांचंही तेच, ते बॅटरीवर हलणारे, गाणी लागणारे. फिशर-प्राइस या अमेरिकन कंपनीचा रॉक एन प्ले नावाचा तसा झोपाळा २०१९ मध्ये परत मागवावा लागला, जवळजवळ ४७ लाख नग, तोपर्यंत त्यात तीसहून जास्त बाळं गेल्याची नोंद झाली होती. आता अमेरिकेत बाळाच्या झोपेसाठी म्हणून विकायच्या वस्तूला दहा अंशापेक्षा जास्त उतार चालत नाही. गाडीतल्या बेबी सीटमध्ये झोपलं तर घरी पोचल्यावर काढून सपाट ठेवा.

डासांचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणीवाली गादी सगळ्यांकडे असते, प्रवासाला सोयीची, पण तिची गादी स्पंजची आणि सोबत पुन्हा उशी. आम्ही साधी चौकोनी मच्छरदाणी कॉटच्या बाहेरून चार दोऱ्यांवर ताणून बांधली, कडा खाली खोचलेल्या, जाळी बाळापासून लांब. दोऱ्यांची टोकं आत लोंबत नाहीत ना ते रोज बघायचं. चिमणाळं हाताला लागणार नाही इतकं उंच, आणि बाळ हातावर उठायला लागलं की काढून ठेवायचं. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढायचा. उशाशी विळा, ओव्याची पुरचुंडी ठेवायची पद्धत आमच्याकडेही आहे, ती कॉटच्या खाली जमिनीवर ठेवली, कॉटमध्ये काही नाही, कोणाचं मन दुखावलं नाही.

नातू थंडीत झाला, त्यामुळे पांघरूण नको म्हटल्यावर लेकच घाबरली. आपण घालतो त्यापेक्षा एक कपडा जास्त, म्हणजे झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचं, पायमोजे, एवढं पुरतं. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघायचा, तिथे घामेजलेलं असेल तर एक कपडा उतरवा. हातपाय गार लागतात त्यावर जाऊ नका. टोपरं अंघोळीनंतर थोडा वेळ ठीक, घरात झोपताना काढायचं, बाळ बरीच उष्णता डोक्यातून बाहेर टाकतं. आणि शेक-शेगडी, धुरी हे त्या खोलीत अजिबात केलं नाही. बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो, आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. तंबाखू-सिगारेटवाल्या पाहुण्यांनाही बाळाच्या खोलीत येऊ दिलं नाही, मग तो कोणी का असेना.

कॉट लेकीच्या पलंगाला खेटूनच होती. पहिले निदान सहा महिने बाळ आईच्या खोलीत, पण स्वतःच्या जागेवर, हे मला सगळ्यात पटतं, पाजायला हात लांब केला की झालं. मला माहितीये आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपतं आणि प्रत्येकाला कॉट परवडत नाही, खोलीत जागाही नसते. मग जमिनीवर आईच्या शेजारी त्याची वेगळी घट्ट अंथरुणाची घडी करा, भिंतीला चिकटवून नको, वर जड गोधडी नको. फिनलंडमध्ये १९३८ पासून आईला सरकारतर्फे बाळंतपणाचं खोकं मिळतं, त्यात कपडे असतात आणि तळाला छोटी गादी, बाळाला त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच झोपवताही येतं. पैसे लागतात असं नाही, सपाट आणि रिकामी जागा लागते. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं किंवा कमी वजनाचं असेल, नाहीतर घरात कोणी दारू, सिगारेट किंवा झोपेची गोळी घेत असेल तर मात्र एका अंथरुणात अजिबात नाही. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी, हे सगळ्यात वाईट. जावईबापू शनिवारी दमून यायचे आणि तसेच टेकायचे, त्यांना मी स्पष्ट सांगितलं, झोप आली की आधी बाळ कॉटमध्ये, मग तुम्ही.

कॉटच्या उणिवा पण सांगते. चार चाकांपैकी दोनांनाच लॉक आहे, फरशीवर सरकते, शेवटी चाकं काढूनच टाकली. पॉलिशचा वास होता, म्हणून बाळ घरी यायच्या बऱ्याच आधी घेऊन व्हरांड्यात उघडी ठेवली. स्क्रू ढिले होतात, महिन्यातून एकदा सगळे आवळायला लागतात, त्याची चावी सोबत मिळते ती हरवू नका. लेकीची उंची कमी, सिझेरियनचे टाके, त्यामुळे सुरुवातीला बाळ उचलून द्यायला कोणीतरी लागायचंच. आणि पहिले काही दिवस साहेब कॉटमध्ये ठेवलं की रडायचे, मांडीवर झोपवून, अंग सैल पडलं की आधी पाय, मग ढुंगण, शेवटी डोकं असं टेकवलं की राहायला लागले. आता बसतोय म्हणून फळी खालच्या उंचीवर घेतली, हे बसायला लागताच करायचं, उभा राहायची वाट बघायची नाही. कठड्यावरून पाय टाकायला लागला की कॉट बंद.

कॉटला पाचपैकी चार, एक चाकांसाठी कापला. काथ्याच्या गादीला पाच. फ्री सेटला शून्य, आणि दुकानदारांना विनंती की त्याऐवजी एक जास्तीची घट्ट बसणारी चादर द्या, धुण्यात एक असते तेव्हा दुसरी लागतेच.