जुनी पॅकेजेस शोधायची कशी: हाताने की डिपेंडाबॉटने?

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, नोडच्या प्रोजेक्टमधली जुनी झालेली पॅकेजेस मीच तपासू, की डिपेंडाबॉट लावू?"

नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली, पॅकेजेस म्हणजे प्रोजेक्टमध्ये वापरलेले इतरांच्या कोडचे तयार भाग, आणि डिपेंडाबॉट म्हणजे गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरचं, जुनी पॅकेजेस आपोआप शोधणारं साधन. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. फरक आहे तो मेहनतीचा. एनपीएम या नोडची पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाची 'एनपीएम आउटडेटेड' ही कमांड चालवली की प्रत्येक पॅकेजच्या तीन आवृत्त्या दिसतात: सध्याची, पॅकेज डॉट जेसनच्या (प्रोजेक्टच्या पॅकेजेसची यादी असलेल्या फाइलच्या) मर्यादेत बसणारी आणि सर्वांत नवी. नव्या आवृत्तीचा पहिलाच आकडा बदलला असेल, तर कोड मोडू शकतो हे धरून चालावं. हे स्वतः वाचलं की प्रोजेक्ट अंगवळणी पडतो. पण आठवणीने करावं लागतं, आणि कामाच्या गर्दीत नेमकं तेच राहतं.

डिपेंडाबॉट विसरत नाही. ठरवलेल्या वेळी तपासून तो थेट पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, उघडतो; मर्यादा बदलली नाही तर एका वेळी ५ पर्यंत. मात्र कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट नसतील, तर ती मर्ज करणं (मूळ कोडमध्ये मिसळणं) म्हणजे न वाचता सही करणं. माझ्या लेखी हाच निर्णायक मुद्दा.

सुरक्षेतल्या त्रुटी 'आउटडेटेड' सांगत नाही; त्यासाठी 'एनपीएम ऑडिट' वेगळं चालवावं लागतं.

एकट्याचा, टेस्ट नसलेला प्रोजेक्ट असेल तर दर महिन्याच्या १ तारखेला कमांड चालव. गिटहबवर तीन-चार जण मिळून काम करत असाल आणि टेस्ट असतील, तर डिपेंडाबॉट लाव, आठवड्यातून एकदा.