सायलेंटचं बटण खरंच किती गप्प करतं? फोनमधल्या शांततेच्या सोयींची तपासणी

१० जानेवारी २०१२. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची मैफल. सिम्फनी शेवटच्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या भागात पोचली आणि पुढच्या रांगेत आयफोन वाजू लागला. थांबेचना. शेवटी संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी वाद्यवृंदच थांबवला. नंतर कळलं की फोनच्या मालकाने मैफलीआधी तो सायलेंटवर टाकला होता. वाजला तो अलार्म. फोन नवा होता, अलार्म लागलेला आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

माणूस बेशिस्त नव्हता. ‘सायलेंट’ म्हणजे सगळं गप्प, असं त्याने धरलं, इतकंच. म्हणून आयफोन आणि अँड्रॉइडमधल्या गप्प करणाऱ्या सोयी इथे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने तपासल्या आहेत. फोनवाल्याला काय सोयीचं, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा.

सायलेंटपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर आणि सगळ्यात जास्त घोटाळेही त्याचेच. फोनला एक आवाज नसतो. रिंगटोन आणि सूचना, गाणी-व्हिडिओ म्हणजे मीडिया, अलार्म, चालू कॉलचा आवाज, शिवाय कीबोर्डची टिकटिक: प्रत्येकाचा नळ वेगळा. सायलेंट यातला मुख्यतः पहिला नळ बंद करतं. आयफोनवर क्लॉक ॲपचा अलार्म आणि टायमर सायलेंटमध्येही वाजतात. व्हिडिओचं काय करायचं हे प्रत्येक ॲप स्वतः ठरवतं: काही ॲप सायलेंटचा मान राखतात, पण ‘मी आवाज वाजवण्यासाठीच आहे’ असं सिस्टिमला सांगणारी, यूट्यूबसारखी ॲप बिनधास्त बोलू लागतात. “अहो, सायलेंटवरच होता!” असं ओशाळून सांगणारा प्रवासी बहुतेक वेळा खरं बोलत असतो.

अँड्रॉइडवर घोटाळा निराळा. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून आवाजाची कडेची बटणं मुळात मीडियाचा आवाज बदलतात. पट्टी शून्यावर आणून फोन खिशात टाकला, तरी रिंगटोन जिथल्या तिथे. ही चूक करणारे खूप दिसतात, आणि दोष त्यांचा नाही. उपाय असा: आवाजाचं बटण एकदा दाबा, पट्टीजवळचं लहान चिन्ह (कंपनीगणिक तीन ठिपके किंवा आडव्या-उभ्या रेषा) दाबा, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकत्र उघडतात. मीडिया, रिंग आणि अलार्म या तिन्ही बघून घ्या. एकदा सवय झाली की पाच सेकंदांचं काम.

आयफोनच्या कडेची जुनी सरकवायची कळ मात्र गेली ते वाईट झालं. खिशात हात घालून, न बघता अंगठ्याने चाचपता यायची. कळ कुठल्या बाजूला आहे यावरून फोन गप्प आहे की नाही ते बोटाला कळायचं. २०२३ च्या १५ प्रोपासून तिच्या जागी दाबून धरायचं ॲक्शन बटण आलं. त्याला इतर दहा कामं लावता येतात, पण दोन्ही अवस्थांत ते बोटाला सारखंच लागतं. खात्री करायची तर स्क्रीन उजळावी लागते, आणि अंधाऱ्या सभागृहात तोही त्रासच.

व्हायब्रेटला लोक शांत समजतात. खिशात असेल तर ते बरंचसं खरं आहे. टेबलावर नाही. आतली मोटर सेकंदाला साधारण दीडशे-दोनशे वेळा हलते. हातात तो नुसता स्पर्श असतो, पण पातळ लाकडी किंवा पोकळ पत्र्याच्या टेबलावर ठेवला की अख्खं टेबल हलू लागतं आणि तबल्याच्या पुडीसारखं वाजतं. भर बैठकीत फोन घुरघुरत कडेकडे सरकतो, मग त्याला पकडायला चार हात धावतात. फोनखाली घडी घातलेला रुमाल किंवा वही ठेवली तर बराचसा आवाज मरतो. पिशवीत किल्ल्यांना टेकून फोन ठेवू नका, त्या खुळखुळतात. कंपनही नकोच असेल तर आयफोनच्या ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मध्ये ‘हॅप्टिक्स’वर जाऊन ‘डोन्ट प्ले इन सायलेंट मोड’ निवडा. आणि ज्या ग्रुपवर दर मिनिटाला शुभेच्छा पडतात, तो ग्रुप तेवढा म्यूट करा. त्यासाठी अख्खा फोन मुका करायची गरज नसते.

या सगळ्यांत पहिला नंबर ‘डू नॉट डिस्टर्ब’चा. मराठी केलेल्या अँड्रॉइडवर तो ‘व्यत्यय आणू नका’ या नावाने दिसतो. लोक तो वापरत नाहीत, कारण नंतर बंद करायचा विसरतो आणि दिवसभर कोणाचा फोन येत नाही. त्यावरचा उपाय आतच आहे, फक्त लपवलेला. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधून ‘फोकस’ उघडा आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’समोरचे तीन ठिपके दाबा. एक तास, संध्याकाळपर्यंत, किंवा ‘ही जागा सोडेपर्यंत’ असे पर्याय येतात. शेवटचा पर्याय तर वाचनालय, दवाखाना, सभागृह यांच्यासाठीच केल्यासारखा आहे: बाहेर पडलात की फोन आपोआप बोलता होतो. अँड्रॉइडवर याच सोयीच्या सेटिंगमध्ये कालावधी ‘दर वेळी विचारा’ असा ठेवता येतो. ही एवढी एक गोष्ट आज करून ठेवलीत तरी खूप झालं.

त्यातली एक फट मात्र माहीत हवी. दोन्हीकडे ‘पुन्हा कॉल करणारे’ अशी सवलत असते. आयफोनवर त्याच माणसाने तीन मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. अँड्रॉइडवर हीच मुदत पंधरा मिनिटांची. हेतू चांगला आहे: खरी निकड असलेला माणूस दोनदा फोन करतोच. पण चिकाटीचा विक्रेताही करतो. घरी कोणी आजारी असेल तर ही सवलत बंद करून घरच्या दोन-तीन नंबरांनाच परवानगी द्या. ते जास्त नेमकं.

अलार्मचं कोडं इथेही सुटत नाही. अँड्रॉइडवर ‘व्यत्यय आणू नका’च्या अपवादांमध्ये अलार्म असतो, तो काढून टाकता येतो. आयफोनवर काढता येत नाही. तिथे क्लॉक ॲप उघडून अलार्म स्वतः बंद करणं हाच मार्ग. सकाळचे पाच-पाच अलार्म लावून एकेक ढकलत राहणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. कानात इअरफोन आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. ते जोडलेले असले तरी आयफोनचा अलार्म फोनच्या स्पीकरमधूनही वाजतो.

आता बोलण्याबद्दल. स्पीकरफोन हे साधन म्हणून उत्तम, सार्वजनिक जागेसाठी निकामी. फोन आरशासारखा तोंडासमोर धरला की माइक ओठांपासून लांब जातो, माणूस आपोआप आवाज चढवतो, आणि पलीकडच्याचं बोलणंही सगळ्या डब्याला ऐकू जातं. भोवती गलका असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवलं होतं. म्हणून गर्दीत ‘हळू बोला’ हा सल्ला टिकत नाही. दोन वाक्यांनी आवाज पुन्हा चढतो. फोन कानाला लावा, खालचा माइक ओठांकडे येऊ द्या, आणि दुसरा कान हाताने झाका. पलीकडचं नीट ऐकू आलं की ओरडायची गरज कमी होते. कानात बसणारे इअरफोन असतील तर कॉलच्या वेळी आजूबाजूचा आवाज आत येऊ देणारा मोड चालू करा, म्हणजे स्वतःचा चढलेला आवाज स्वतःला कळतो.

कानाला लावल्यावरही शेजाऱ्याला त्रास होतो तो वेगळ्या कारणाने. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१० च्या एका अभ्यासात असं दिसलं की दोघांचं पूर्ण बोलणं कानावर पडण्यापेक्षा फोनवरचं एकतर्फी बोलणं लक्ष जास्त विचलित करतं. पुढचं वाक्य काय येणार याचा अंदाज मेंदूला बांधता येत नाही, म्हणून तो ऐकतच राहतो. त्यामुळे पुटपुटत केलेला वीस मिनिटांचा कॉलही शांत म्हणता येत नाही. “उतरल्यावर करतो” हे दोन शब्दांचं उत्तर कुठल्याही सेटिंगपेक्षा परिणामकारक आहे.

व्हॉइस मेसेजसाठीची एक सोय फारशी कोणाला ठाऊक नाही: व्हॉट्सॲपवर मेसेज वाजवून फोन लगेच कानाला लावा, आवाज स्पीकरमधून न येता कानाजवळच्या बारीक स्पीकरमधून येतो, अगदी कॉलसारखा. जमतं छान, पण बटण दाबणं आणि फोन कानाला पोचणं यात पहिला एखादा शब्द बाहेर निसटतो. आधी आवाज कमी करून घ्या. जाड कव्हर किंवा स्क्रीनगार्डने वरचा सेन्सर झाकला असेल तर ही युक्ती चालत नाही, आणि निरोप सगळ्यांना ऐकू जातो.

इअरफोनबद्दल थोडक्यात. रबरी टोपीचे, कानात घट्ट बसणारे सर्वांत कमी गळतात. कान उघडा ठेवणारे आणि हाडातून ऐकवणारे रस्त्यावर चालताना सुरक्षित, पण शांत खोलीत मोठ्या आवाजावर शेजाऱ्याला ऐकू येतात. कोणाला तरी हातभर अंतरावर बसवा, नेहमीच्या आवाजात बातम्या लावा, आणि शब्द कळतात का विचारा. कळले तर आवाज दोन पायऱ्या खाली.

स्मार्ट घड्याळ सगळे विसरतात. फोन गप्प, मनगट टिंगटिंग करतंय. ॲपल वॉचमध्ये थिएटर मोड आहे, दोन मुखवट्यांचं चिन्ह. त्याने आवाज बंद होतो आणि हात हलला तरी स्क्रीन उजळत नाही. अंधाऱ्या सभागृहासाठी इतकी विचारपूर्वक केलेली सोय फोनमध्ये का नाही, हे कोडंच आहे. अचानक वाजलंच, तर त्याच घड्याळाच्या स्क्रीनवर तळहात तीन सेकंद झाकून धरा. ‘कव्हर टू म्यूट’ चालू असेल तर ते लगेच गप्प होतं.

विमान मोडवर विसंबू नका. त्याने कॉल थांबतात, अलार्म आणि गेम नाही. जिथे एक टिंगही चालणार नाही तिथे फोन पूर्ण बंद करा. आयफोन बंद असताना अलार्म वाजत नाही. साधे बटणवाले जुने नोकिया वापरत असाल तर मात्र बंद करण्याआधी अलार्म काढा, कारण त्यातले बरेच फोन बंद असूनही ठरलेल्या वेळी जागे होतात आणि वाजतात.