चार वस्तू, चार वयं: वापरलेल्या रिगवर ७४ उड्या

स्कायडायव्हिंगच्या माझ्या ३८ उड्या झाल्या होत्या तेव्हा मी ही रिग, म्हणजे पाठीवरच्या छत्र्यांचा पूर्ण संच, घेतली. आज तिच्यावर ७४ उड्या झाल्यात. म्हणजे मी काही या विषयातली जाणकार नव्हे. पण 'पहिली छत्री वापरलेली घेऊ का?' असं विचारणाराही जाणकार नसतोच. त्याच्यासाठी लिहितेय.

काय घेतलं ते आधी. जॅव्हलिन ब्रँडचा हार्नेस-कंटेनर, सेबर २ ही १९० चौरस फुटांची मेन, पीडी कंपनीचा १७६चा रिझर्व्ह आणि सायप्रस २ हे एएडी. ज्यांनी अजून एकही उडी मारलेली नाही त्यांच्यासाठी: हार्नेस म्हणजे अंगावर आवळायचे पट्टे, कंटेनर म्हणजे पाठीवरची छत्र्या ठेवायची पिशवी, मेन ही रोजची छत्री, रिझर्व्ह ही ती बिघडली तर उघडायची. एएडी हे कंटेनरमध्ये बसवलेलं छोटं यंत्र. साधारण ७५० फुटांवरही तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल, तर ते रिझर्व्हला बांधून ठेवणारा दोरा कापतं. मुदलात तुम्ही बेशुद्ध असाल किंवा भान हरपलं असेल, अशा वेळेसाठीची सोय.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'एकच मालक, उत्तम स्थिती, लगेच उडता येईल.' एकच मालक हे अगदी खरं निघालं. उत्तम स्थिती कशाची, ते काही लिहिलेलं नव्हतं. कंटेनर अकरा वर्षांचा, मेन सात वर्षांची, रिझर्व्ह कंटेनरच्याच वयाचा, एएडी आणखी वेगळं. मला हे कळायला दोन महिने लागले: रिग नावाची एक वस्तू बाजारात मिळत नाही. एका पट्ट्यात गुंफलेल्या चार वस्तू मिळतात, आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं चालतं.

खरं तर याच्या आधी मी दुसरीच एक रिग जवळजवळ घेतली होती. काळा आणि शेंदरी रंग, बघताक्षणी मन गेलं. मेन १५० ची, रिझर्व्ह १२६ चा. विकणारा म्हणाला, "तुम्ही बारीक आहात, चालेल." मी घरी येऊन कागदावर गणित मांडलं. माझं वजन ६८ किलो, अंगावरचं सामान साधारण ११, एकूण ७९ किलो, म्हणजे १७४ पौंड. त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. याला विंग लोडिंग म्हणतात. १५० वर १.१६ आलं. नवशिक्याने एकच्या आसपास किंवा त्याखाली राहावं, असं मला शिकवलेलं. आकडा जितका वर जातो तितकी छत्री वेगाने पुढे जाते, वळताना पटकन खाली सुटते आणि उतरताना चूक माफ करत नाही. रिझर्व्हचं गणित तर मी मांडलंच नव्हतं. ते माझ्या रिगरने, म्हणजे छत्र्या तपासून पॅक आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाने, मांडलं. १.३८. तो एवढंच म्हणाला, "एएडीने उघडलेला रिझर्व्ह तुला बेशुद्धीत जमिनीवर आणणार आहे. तेव्हा तू फ्लेअर करणार आहेस का?" फ्लेअर म्हणजे उतरण्याच्या क्षणी दोन्ही टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांची हँडल, खाली ओढून वेग मारणं. बेशुद्ध माणूस फ्लेअर करत नाही. शेंदरी रिग गेली, आणि ती जाऊ दिल्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, हेही खोटं बोलत नाही.

आताच्या रिगवर मेनचं लोडिंग ०.९२ येतं, रिझर्व्हचं ०.९९. कंटाळवाणे आकडे. पहिल्या शंभर-दीडशे उड्यांना मला कंटाळवाणंच हवं होतं.

आता एकेक वस्तू घेते, पण सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यांनी मला सारखा त्रास दिलेला नाही.

रिझर्व्हबद्दल थोडक्यात. तो बंद असतो, तुम्हाला दिसत नाही. लाल धाग्याने बांधून त्यावर रिगर शिशाचं सील लावतो आणि सोबतच्या कार्डावर तारीख घालतो. अमेरिकेत हे पॅकिंग १८० दिवसांचं असतं. इतर ठिकाणी मुदत वेगळी. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, "आताच पॅक केलाय, सील कशाला तोडता?" माझा रिगर म्हणाला, सील तोडल्याशिवाय मी यावर सही करणार नाही, आणि पैसेही त्याने मला तोवर देऊ दिले नाहीत. उघडल्यावर आत काहीच वाईट निघालं नाही. लेबलवर पॅकिंगच्या खुणा करायचे चौकोन असतात, त्यांतले काही भरलेले होते. चाळीस वेळा पॅक झाला किंवा पंचवीस वेळा वापरला की हा रिझर्व्ह तपासणीला कारखान्यात जातो. आमचा अजून लांब होता. उघडणं वाया गेलं का? विकणाऱ्याला तसं वाटलं. मला एका रात्रीची नीट झोप मिळाली.

एएडीबाबत मी गाफील राहिले. सायप्रसचं आयुष्य तयार झाल्याच्या तारखेपासून मोजतात, उड्यांवर नाही. जुन्या युनिटचं १२.५ वर्षं, नंतरच्यांचं १५.५. व्हिजिल हे दुसऱ्या कंपनीचं एएडी २० वर्षं चालतं. मुदत संपली की ते यंत्र उत्तम दिसत असलं तरी कामातून गेलं. माझं युनिट जुन्यांपैकी, आणि त्याची तीन वर्षांहून थोडी कमी उरली होती. सौदा ठरवताना मी ते 'एएडीसकट' एवढंच वाचलं आणि खूश झाले. वास्तविक ते एएडी नव्हतं, ते एएडीचं शेपूट होतं. नव्या युनिटची किंमत उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात मांडून सौद्यातून वजा करायला हवी होती. केली नाही. ही चूक पूर्णपणे माझी. तारीख युनिटवर छापलेली होती.

मेन. इथे मला रमायचंय.

माझी आई आयुष्यभर कपडे शिवत आली. त्यामुळे कापड हातात आलं की मी आधी ते बोटांनी चाचपते, मग बघते. हिच्यावर एकही ठिगळ नव्हतं, टीप सरळ, शेपटाकडच्या कडेला दोन ठिकाणी जरा मळ, बस. कापड झीरो पोरॉसिटी, म्हणजे हवा आरपार जाऊ न देणारं. जुन्या एफ-१११ कापडाच्या छत्र्या अजून बाजारात दिसतात, स्वस्त असतात. त्या काहीशे उड्यांनंतर हवा गाळू लागतात आणि फ्लेअरला दम उरत नाही. नवशिक्याने त्यांच्या स्वस्ताईकडे वळून बघू नये. झीरो पोरॉसिटीची एक गंमत कुणी सांगत नाही: नवं कापड साबणासारखं निसटतं. पॅक करायला बसलात की एका बाजूने दाबावं तर दुसरीकडून फुगतं, आणि अर्ध्या तासाने माणूस तिच्यावर आडवा पडलेला असतो. सातशे उड्या झालेली छत्री मात्र शहाण्या मुलासारखी पिशवीत जाते. वापरलेली घेण्याचा हा मोठा फायदा, आणि तो कुठल्याच जाहिरातीत नसतो.

पण कापडाने मला फसवलं. म्हणजे कापड चांगलं आहे म्हणून मी छत्री चांगली मानली, आणि तिचं वय होतं तिच्या दोऱ्यांत. या दोऱ्या स्पेक्ट्राच्या, बारीक आणि मजबूत. उघडताना स्लायडर, म्हणजे उघडण्याचा वेग आवरणारा दोऱ्यांवरचा कापडाचा चौकोन, खाली सरकतो, त्याच्या कड्या बाहेरच्या दोऱ्यांवर घासतात, घर्षणाने त्या तापतात, आणि स्पेक्ट्रा तापली की आखडते. सगळ्या सारख्या आखडत नाहीत. ब्रेकच्या दोऱ्या सगळ्यात जास्त. त्यामुळे टॉगल पूर्ण सोडलेले असतानाही छत्रीचं शेपूट थोडं खाली ओढलेलं राहतं, जणू कुणीतरी हँडब्रेक अर्धा लावून ठेवलाय.

विकणाऱ्याने दोन चाचणी उड्या मारू दिल्या, हे त्याचं मोठं मन, नोंदवून ठेवते. दुसऱ्या उडीत मी वर बघितलं. टॉगल सोडल्यावर ब्रेकच्या दोऱ्यांना मागे जरा झोळ हवा. नव्हता. पुढचे रायझर, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, ओढले तर छत्री घोड्यासारखी उसळली. मला वाटलं, वाऱ्याचा दोष. रिगरने खाली दोऱ्या टांगून टेपने मोजल्या आणि कारखान्याच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. ब्रेकच्या दोऱ्या चांगल्याच आखूड झालेल्या. त्याने फक्त खालच्या ब्रेकच्या दोऱ्या बदलल्या. बाकीचा संच अजून दीडशे-दोनशे उड्या जाईल म्हणाला. बदलल्यावरची पहिली उडी आणि त्याआधीची उडी, या दोन वेगळ्या छत्र्या होत्या.

विकणाऱ्याबद्दल माझी एकच तक्रार. त्याला हे ठाऊक होतं. किंमत थोडी उतरवण्याबद्दल बोलणं काढलं तेव्हा तो म्हणाला, "हो, ब्रेक जरा आखूड वाटतात खरे." 'वाटतात' म्हणे.

पायलट शूट ही कमरेपाशी असलेली छोटी छत्री, जी फेकल्यावर मोठीला बाहेर ओढते. तिच्या पट्ट्याच्या आतून एक दोरी जाते. मोठी छत्री उघडली की ती पायलट शूट चुरगाळून टाकते, म्हणजे मागे ओढणारं काही राहत नाही. हीसुद्धा वापराने आखडते. आखडली की पॅक करताना तुम्ही नीट ताणून ठेवली असं समजता, पण पायलट शूट पूर्ण फुगत नाही, उघडणं लांबतं. पट्ट्यावर एक छोटी खिडकी असते, तिथे रंगीत दोरी दिसली पाहिजे. माझ्या खिडकीत रंग अर्धाच दिसायचा, आणि मी म्हणायचे, दिसतोय की! शिवण वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांना आतली दोरी वाचता आली नाही. बदलली.

तीन कड्यांची कटअवे यंत्रणा, म्हणजे बिघडलेली मेन सोडून देणारी, ठीक होती. बिल बूथने १९७०च्या दशकात काढलेली ही युक्ती अजूनही बहुतेक रिगवर तशीच आहे. मोठ्या कडीतून मधली, तिच्यातून लहान, शेवटी एक नाजूक कापडी फासा आणि पिवळी केबल. कापडी फाशाला लव आली आहे का, आणि रायझर मळाने कडक झालेत का, एवढं पाहायचं. कड्या सोडवून रायझर हाताने मळायचे. मी दर महिन्याला करते.

आता हार्नेस. या खरेदीतली माझी दुसरी चूक, आणि आजही सगळ्यात जास्त चिडवणारी. मी तो उभ्याने घालून पाहिला. पट्टे आवळले, आरशात बघितलं, छान. छत्रीखाली लटकल्यावर मात्र खांद्यापासून मांडीपर्यंतचा पट्टा माझ्यासाठी दोन इंच लांब आहे हे कळलं. छातीचा पट्टा हनुवटीकडे सरकला, खांद्यामागे पोकळी, आणि कटअवेचं हँडल सरावात हात जिथे जायचा त्याच्या वर. नेमकं ते हँडल आणीबाणीत बघून शोधायला वेळ नसतो. घेण्यापूर्वी एखाद्या तुळईला टांगून घेतलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मास्टर रिगरने तो उसवून छोटा केला. पाच आठवडे गेले, आणि ते पाच आठवडे मी पुन्हा भाड्याच्या रिगवर. ती शिवण मात्र बघण्यासारखी: जाड नायलॉनच्या पट्ट्यांवर चौकटीत दाट टाके. आईला फोटो दाखवला. तिने मोठा करून बघितला आणि विचारलं, "धागा कोणता?"

मग मी ही रिग पुन्हा घेईन का? घेईन, याच किमतीला नाही. दोन्ही दुरुस्त्या, नव्या दोऱ्या, रिझर्व्हचं पॅकिंग, हे सगळं धरूनही नव्या संचाच्या निम्म्याच्या वर थोडाच खर्च झाला. शिवाय नवा संच मागवला असता तर शिवून यायला महिने लागले असते. उघडणं एकदम मऊ. कधीमधी थोडी एका बाजूला वळते, तो माझ्या पॅकिंगचा गुण. फ्लेअर लांब आणि समजूतदार. ७४ पैकी दोनदा गुडघ्यावर आले, दोन्ही वेळा लवकर ओढल्यामुळे.

विकणारा: पाचपैकी तीन. चाचणी उड्यांचा एक गुण त्यात धरलाय, 'वाटतात' साठी एक वजा केलाय. रिगर: पाचपैकी पाच, आणि त्याची फी ही या सगळ्यातली एकमेव रक्कम जिच्यावर मी घासाघीस केली नाही.

एएडीची मुदत संपायला आता दीड वर्ष राहिलंय. नव्यासाठी एक वेगळं खातं काढलंय.