सॅन स्टॉर्म: चौदा महिने स्वतःच दुरुस्त करून चालवल्यावर

स्टॉर्म घेऊन चौदा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, गोव्यात बनलेली दोन सीटची कापडी टपाची गाडी, बॉडी सगळी फायबरची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, पॉवर ६० बीएचपीच्या आसपास. आकडा ऐकून नाक मुरडू नका, गाडी हलकी आहे, टप उघडून पन्हाळ्याच्या वाटेला वाघबीळच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की नाद खुळा!

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लायटीनं. इंडिकेटर दिला की त्या बाजूचा हेडलाइट मंद व्हायचा. एका गॅरेजात सांगितलं सगळं वायरिंग बदला, अठरा हजार. मी मल्टिमीटर घेऊन घरीच बसलो. पत्र्याच्या गाडीत बॉडीच निगेटिव्हचं काम करते, फायबरमधनं करंट जातच नाही, म्हणून हिच्यात प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी ओढून शेवटी चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टनं आवळलेली असते. लाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं तर २.३ व्होल्ट, जिथं जवळपास शून्य यायला पाहिजे. बोल्ट काढला, रिंगांवर हिरवा थर. पॉलिश पेपरनं घासलं, चॅसीवरचा रंग तेवढ्या जागेपुरता खरवडला, नवीन रिंगा लावल्या, वरनं व्हॅसलीन. परत मोजलं, ०.०८. खर्च दीडशे रुपये. त्या रात्री समोरच्या भिंतीवर पडलेला पांढरा उजेड बघायला आईपण बाहेर आली.

टायमिंग बेल्ट पहिल्याच आठवड्यात बदलला, कारण आधीच्या मालकाला तो कधी बदलला ते सांगता येईना. स्टॉर्मच्या नावानं पार्ट शोधत बसू नका, इंजिनच्या नावानं शोधा, डी७एफ, हेच इंजिन बाहेरच्या देशांत रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओला होतं.

पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, मात्र कुठंच मिळेनात. जुना बुश खिशात टाकून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. लेथवरचे काका म्हणाले, "नाव सांगू नको, नमुना दाव." व्हर्नियर लावून माप घेतलं आणि दुपारपर्यंत पीयूचे (पॉलियुरेथेनचे) चारही बुश स्लीव्हसकट हातात. ज्या गावात ऑइल इंजिनं घडली तिथं बुशला काय अवघड? आठ महिने झाले, खड्ड्यातनंसुद्धा आवाज नाही.

फायबरचं काम पावसाळ्यात करू नका. दाराच्या बिजागरीपाशी चीर होती, जुलैत रेझिन भरलं, आठवडा झाला तरी बोटाला चिकटायचं. सगळं खरवडून डिसेंबरात परत केलं. नुसती वरनं पुट्टी मारली की चीर पुन्हा उघडते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, खाच करून, आतल्या बाजूनं फायबरच्या मॅटचे तीन थर दिले. आता हात फिरवला तरी कळत नाही.

घेणार असाल तर बॉडीला भुलू नका, फायबर गंजत नाही पण खालची चॅसी गंजते. गाडी वर उचला, जॅक स्टँड लावा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, आणि स्क्रूड्रायव्हरनं टोकरून बघा. रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी पाहिजेच. माझ्या गाडीत काचेच्या उजव्या कोपऱ्यातनं पाणी अजून टपकतं, नवीन रबर पट्टी आणलीय, मिरगाच्या आधी बसवणार.