अमेरिकेत वेगळं राहायचं की घटस्फोट घ्यायचा : सोशल सिक्युरिटीचा हिशोब

एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याबरोबर, आलेल्या आपल्याकडच्या बायकांना २०१५ पर्यंत नोकरीची मुभाच नव्हती. त्यामुळे अनेकींच्या स्वतःच्या नावावरची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, तुटपुंजी, आणि नवऱ्याच्या खात्यावरचा हक्क मोलाचा. संसार मोडायचं ठरलंच असेल, तर आधी लग्नाची तारीख बघा.

नुसतं वेगळं राहिलात तर कायद्याने अजून नवरा-बायकोच. त्याच्या खात्यावर हक्क सांगायला लग्नाला वर्ष झालं असलं आणि तुमचं वय ६२ असलं की पुरे. मेख एकच: नवऱ्याने स्वतःची रक्कम घ्यायला सुरुवात केलेली हवी. तो सत्तरीपर्यंत थांबला, तर तुम्हीही थांबा! ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या मर्जीवर म्हातारपण टांगून ठेवणं मला तरी पटत नाही.

घटस्फोटात लग्न किमान दहा वर्षांचं लागतं. मोजणी लग्नाच्या दिवसापासून निकाल अंतिम होईपर्यंत; मधली वेगळं राहिल्याची वर्षंही धरतात. पण नऊ वर्षं अकरा महिने म्हणजे शून्य. दहा भरली असली, दोघंही ६२ च्या पुढे असलात आणि घटस्फोटाला दोन वर्षं झाली, की त्याने अर्ज केला नसला तरी तुम्ही करू शकता. त्याच्या किंवा त्याच्या नव्या बायकोच्या पैशाला धक्का लागत नाही. तुम्ही मात्र पुन्हा लग्न केलेलं नसावं.

रक्कम दोन्हीकडे सारखीच. त्याची पूर्ण निवृत्तीवयाची (कपात न होता मिळणारी) रक्कम महिना ३,००० डॉलर धरली, तर १९६० नंतर जन्मलेल्या बाईला ६७ व्या वर्षी १,५०० मिळतात, ६२ लाच घेतले तर ९७५. ६७ ला स्वतःचे १,१०० असतील तर वर फक्त ४०० ची भर.

तो वारल्यावर नुसत्या वेगळं राहणारीला आणि घटस्फोटितेला, दोघींनाही त्याच्या पूर्ण रकमेपर्यंत मिळू शकतं. दहा वर्षांवाल्या घटस्फोटितेने साठीनंतर दुसरं लग्न केलं तरी हा हक्क जात नाही.

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तर वेगळं राहा आणि निकाल दहा वर्षांपलीकडे जाऊ द्या. दहा उलटली असतील, तर सोशल सिक्युरिटीसाठी अडून राहू नका. चारच वर्षं झाली असतील, तर यासाठी सहा वर्षं कुढण्यापेक्षा त्याच्या ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यामधला वाटा मागा. त्यासाठी कोर्टाचा स्वतंत्र आदेश लागतो, तो घटस्फोटाबरोबरच काढून घ्या.